पौरुषग्रंथीवृद्धी : शस्त्रकर्माच्या पद्धतींचा तुलनात्मक विचार आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

साठी ओलांडलेला पुरुष रुग्ण मूत्रप्रवृत्तीची तक्रार आपणहून प्रथम सांगत नाही. गुडघेदुखी, बद्धकोष्ठ, निद्रानाश यांचे वर्णन पुरे होते, सोबत आलेली सून औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर जाते, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून तो म्हणतो, "रात्रीतून चार-पाच बार उठावं लागायलंय." येथवर आपल्याला अडचण नसते. चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ, वरुण-पुनर्नवेचा काढा ही आपली नित्याची योजना आहे व सौम्य अवस्थेत रुग्णास तिने बरे वाटते. अडचण वर्ष-दोन वर्षांनी येते. रुग्ण नांदेडला किंवा परभणीला सोनोग्राफी करून घेतो, तेथील मूत्ररोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवितात, आणि ती फाईल घेऊन तो पुन्हा पूर्णेला आपल्याच दवाखान्यात येतो : "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीचं करू का लेसरचं? तुम्ही म्हणाल तसं."

या प्रश्नास "ते त्यांनाच विचारा" असे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे दिले. मूत्राघाताच्या औषधी चिकित्सेवर आपण वैद्यमंडळी पानेच्या पाने लिहितो. शस्त्रकर्माचा विषय मात्र "शस्त्रसाध्य असल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे" या एका वाक्यात संपवितो. ज्या गावी रुग्णाचा विश्वास आपल्यावर आहे आणि शस्त्रकर्म दुसऱ्या गावी होणार आहे, तेथे हे एक वाक्य पुरत नाही. आम्ही शल्यतज्ज्ञ नाही. हे शस्त्रकर्म आम्ही करीत नाही आणि कोणा बी.ए.एम.एस. पदवीधराने ते करावे असे सुचविण्याचा हेतूही नाही. परंतु कोणत्या रुग्णास शस्त्रकर्म हवे, त्याच्या ग्रंथीच्या आकाराला कोणती पद्धत योग्य आणि त्यातून काय मिळते व काय जाते, एवढे वैद्यास सांगता आले पाहिजे. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ५८ व्या अध्यायात मूत्राघाताचे १२ प्रकार, तर चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या ९ व्या अध्यायात १३ प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी वाताष्ठीलेचे वर्णन पौरुषग्रंथीवृद्धीशी सर्वाधिक जुळते : गुद आणि बस्ति यांच्यामध्ये पाषाणासारखी घट्ट, अचल, उन्नत अशी ग्रंथी व तिच्यामुळे मल, मूत्र व वायू यांचा रोध. महाविद्यालयात आपण हे समीकरण पाठ केले आणि तेथेच थांबलो. आमच्या मते रुग्ण तपासताना शेजारच्या प्रकारांकडेही लक्ष हवे. ग्रंथी एकच असते, परंतु रोग पुढे सरकतो तसे रुग्णाचे चित्र पालटते. धार मध्येच तुटून थेंब थेंब येऊ लागली की मूत्रोत्संगाची आठवण होते, वेग धारण केल्यावर लघवी मंद व कुंथून होऊ लागली की मूत्रातीताची, आणि नाभीखाली पोट फुगून आले की मूत्रजठराची. हे शेवटचे चित्र ओळखण्यात आम्ही एकदा चुकलो आहोत. ती हकीकत येथे सांगणे भाग आहे.

एक रुग्णवृत्त

वर्ष २०११, पावसाळ्याचे दिवस. रुग्ण वय वर्षे ७०, रेल्वेतून निवृत्त गँगमन. त्याआधी दोन वर्षे ते आमच्याकडे नियमित औषध घेत होते. आरंभी मूत्रवेग वारंवार येणे व धार बारीक होणे या तक्रारी होत्या. त्यांना उतार पडला असे ते सांगत. पुढे रात्री नकळत अंथरूण ओले होऊ लागले. आम्ही ते वार्धक्यजन्य वातप्रकोपाचे लक्षण मानून योजनेत बल्य औषधांची भर घातली. लघवी अडते का, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : "लघवी तं व्हायलीच ना डॉक्टरसाहेब, उलट आवरंना झाली."

त्या पावसाळ्यात अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली व पायांवर सूज आली. तेव्हा कोठे आम्ही त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपविले. ओटीपोटापासून नाभीपर्यंत गोल, ताणलेला फुगवटा हाताला लागला. वेदना मुळीच नव्हती. मूत्राशय काठोकाठ भरून वरून सांडत होता, आणि त्या सांडण्यालाच आम्ही मूत्रप्रवृत्ती समजत होतो. त्याच संध्याकाळी त्यांना रेल्वेने नांदेडला पाठविले. नळी घातल्यावर सुमारे १४०० मिलि. मूत्र निघाले. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली, क्रिएटिनिन ६.२. काही आठवडे नळी ठेवल्यावर ते २.६ पर्यंत उतरले आणि तेथेच थांबले. पुढे दुर्बिणीने शस्त्रकर्म झाले, अडथळा निघाला, परंतु इतके दिवस ताणलेल्या मूत्राशयात आकुंचनाचे बळ उरले नव्हते. त्यांना उरलेले आयुष्य दिवसातून तीनदा स्वच्छ नळीने स्वतः लघवी काढावी लागली. औषधे तीच राहिली असती तरी चालले असते. दोन वर्षांत आम्ही एकदाही त्यांना झोपवून पोटावर हात ठेवला नव्हता.

म्हणून साठीपुढील प्रत्येक पुरुष रुग्णाचे ओटीपोट तपासावे. रात्री झोपेत लघवी सुटू लागली असेल तर ते तुंबल्याचे चिन्ह समजून त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती मूत्र उरते ते मोजून मागावे. सोबत क्रिएटिनिन, मूत्रपरीक्षण, रक्तशर्करा व पी.एस.ए. या तपासण्या कराव्यात. मधुमेही रुग्णात मूत्राशय मुळातच दुर्बल असू शकतो. तेथे ग्रंथी कितीही कौशल्याने काढली तरी धार सुधारेलच असे नाही, हे आधी सांगितलेले बरे.

शस्त्रकर्म कोणास?

नळी काढून पाहिल्यावरही पुन्हा पुन्हा लघवी तुंबणे, मूत्रपिंडांवर ताण येऊन ती फुगणे, मूत्राशयात अश्मरी होणे, वारंवार जंतुसंसर्ग आणि ग्रंथीतून वारंवार रक्तस्राव, या पाच परिस्थितींत औषधी चिकित्सेवर वेळ घालवू नये. येथे आपल्या काढ्याची आणि आधुनिक गोळीची योग्यता सारखीच आहे.

याखेरीज जे रुग्ण उरतात, म्हणजे ज्यांना त्रास आहे पण अपाय झालेला नाही, त्यांच्या बाबतीत घाई नको. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मध्यम लक्षणांच्या ५५६ पुरुषांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. तीन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३ व निरीक्षणातील ४७ जणांच्या बाबतीत उपाय अयशस्वी ठरला, आणि निरीक्षणातील सुमारे चतुर्थांश पुरुषांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रियेचा लाभ निश्चित आहे, पण वाट पाहणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे बिघडलेही नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. लक्षणांच्या आंतरराष्ट्रीय गुणपत्रिकेत ० ते ७ गुण सौम्य, ८ ते १९ मध्यम व २० ते ३५ तीव्र मानतात. ही सात प्रश्नांची पत्रिका मराठीत लिहून टेबलावर ठेवावी. दर सहा महिन्यांनी गुण लिहिले तर "थोडं बरं हाय" या उत्तरावर विसंबावे लागत नाही.

आपल्या औषधांविषयी प्रामाणिक मत असे : सौम्य व काही मध्यम रुग्णांत लक्षणांना उतार पडलेला आम्ही पाहतो. सोनोग्राफीत ग्रंथीचे आकारमान घटलेले मात्र आम्ही पाहिलेले नाही. ग्रंथी विरघळविण्याचे आश्वासन कोणी देऊ नये.

शस्त्रकर्माच्या पद्धती

रुग्णास समजावताना आम्ही मोसंबीचे उदाहरण घेतो. आपल्या भागात ते लगेच पटते. वाढलेली ग्रंथी म्हणजे मोसंबीचा गर, आणि मूळची पौरुषग्रंथी दाबली जाऊन झालेले आवरण म्हणजे साल. मूत्रमार्ग या मोसंबीच्या मधून जातो. गर वाढला की मार्ग चेपतो. शस्त्रकर्माची कोणतीही पद्धत घ्या, साल जागेवर ठेवून गर काढणे एवढेच तिचे काम. फरक आहे तो गर कोठून व कशाने काढावयाचा यात.

सर्वांत जुना मार्ग पोटावरून. पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यतज्ज्ञ सुमारे दोन दशके भारतात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते व मूत्राश्मरी फोडून काढण्यात त्यांनी येथेच नाव मिळविले. लंडनला परतल्यावर १९०१ साली त्यांनी ओटीपोट व मूत्राशय उघडून, बोटाने गर सोलून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर त्यांच्याही आधी तसे करीत होते व श्रेयावरून दोघांत वाद झाला, हे जाता जाता. १९४५ साली टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता थेट ग्रंथीचे आवरण छेदून गर काढण्याची पद्धत मांडली. या उघड्या शस्त्रकर्मात गर संपूर्ण निघतो, पुन्हा वाढण्याची भीती अत्यल्प. दोष म्हणजे पोटावरचा छेद, अधिक रक्तस्राव, रक्त चढविण्याची अधिक शक्यता, पाच-सात दिवस नळी आणि जास्त मुक्काम. तरीही ८० ते १०० ग्रॅमहून मोठी ग्रंथी, किंवा सोबत मूत्राशयात मोठी अश्मरी असेल आणि जवळ लेसर नसेल, तर ही पद्धत आजही सन्मान्य आहे. तिला 'जुनाट' म्हणून रुग्णास घाबरवू नये.

दुसरा मार्ग मूत्रमार्गातून, ज्याला आपल्याकडे सरसकट 'दुर्बिणीचे ऑपरेशन' व डॉक्टरमंडळी टी.यू.आर.पी. म्हणतात. १९२६ साली स्टर्न व १९३२ साली मॅकार्थी यांनी यासाठीचे उपकरण विकसित केले. पुढे हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या दुर्बिणीने त्यात स्वच्छ दिसू लागले. विजेच्या तारेच्या फाशाने गराच्या लहान लहान फाका कापून काढतात. बाहेर टाका नाही, कमरेत भूल, नळी दोन-तीन दिवस. ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीस हीच पद्धत आजवर मापदंड मानली गेली आहे आणि नव्या पद्धतींची तुलना हिच्याशीच करतात. ग्रंथी ३० ग्रॅमहून लहान असेल व मधला खंड वाढलेला नसेल, तर काहीही न कापता मूत्राशयमुखापाशी केवळ छेद देऊनही काम भागते. ते काम लहान आहे, पण हा पर्याय रुग्णास क्वचितच सांगितला जातो.

या पद्धतीचा एक विशिष्ट धोका वैद्यास माहीत हवा. जुन्या एकध्रुवी यंत्रात वीज खेळविण्यासाठी मीठविरहित द्रव, बहुधा ग्लायसिनचे पाणी वापरावे लागते. कापलेल्या शिरांतून ते शरीरात शोषले जाते व रक्तातील सोडियम उतरते. मळमळ, भ्रम, दृष्टी अंधुक होणे, क्वचित आक्षेप अशी लक्षणे त्यातून उद्भवतात. म्हणून या यंत्राने तासाभराहून अधिक कापत राहू नये असा संकेत आहे, आणि म्हणूनच मोठी ग्रंथी या पद्धतीत अपुरी निघते. द्विध्रुवी यंत्र साध्या सलाईनमध्ये चालते, त्यामुळे हा धोका जवळजवळ नाहीसा झाला. रुग्णास सल्ला देताना "लेसर आहे का?" याच्या आधी "सलाईनवर चालणारं यंत्र आहे का?" हा प्रश्न विचारावयास आम्ही सांगतो.

आता लेसर. या एका शब्दाखाली निरनिराळ्या पद्धती मोडतात व जाहिरातींत त्या एकत्र कालविल्या जातात. हिरव्या प्रकाशाच्या लेसरने गर वाफ करून उडवितात. रक्तस्राव कमी, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास सोयीचा, परंतु ऊतींचा तुकडा तपासणीस मिळत नाही. थुलियम लेसरने कापतातही व वाफही करतात. त्याच्या एका प्रकाराची तुलना ब्रिटनमधील सात रुग्णालयांत ४१० पुरुषांवर झाली व २०२० साली प्रसिद्ध झाली : एक वर्षानंतर लक्षणांतील सुधारणा दोहोंत सारखी, धारेचा वेग तारेच्या जुन्या पद्धतीत किंचित सरस, मुक्काम व उपद्रव जवळपास समान. नुसता 'लेसर' हा शब्द अधिक पैसे देण्यास पुरेसे कारण नाही, एवढे यातून दिसते.

होल्मियम लेसरची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंडमधील पीटर गिलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे तंत्र बसविले. यात साल आणि गर यांमधील नैसर्गिक थर शोधून संपूर्ण गर आतल्या आत सोलतात, तो मूत्राशयात ढकलतात व तेथे बारीक करून ओढून घेतात. विचार केला तर फ्रेयरसाहेबांचे बोट जे काम पोटावरून करीत होते तेच येथे मूत्रमार्गातून होते. थर तोच, हत्यार बदलले. म्हणून ग्रंथी ६० ग्रॅमची असो वा १६०, ही पद्धत चालते. रक्तस्राव कमी, नळी बहुधा एक दिवस, पुन्हा शस्त्रकर्माची गरज फार थोड्यांना. उणीव अशी की हे शिकण्यास कठीण आहे; हात बसण्यास वीस ते पन्नास शस्त्रकर्मे लागतात. आरंभीचे काही आठवडे, कधी काही महिने, खोकल्यास वा उठताना लघवी सुटते. ती बहुतेकांची थांबते, पण आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण फसवणूक झाल्याच्या भावनेने आपल्याकडे येतो.

याहून सौम्य अशा काही पद्धती अलीकडे आल्या आहेत. ग्रंथीचे खंड लहान आकड्यांनी बाजूला ओढून ठेवणे आणि ग्रंथीत वाफ सोडून ती आक्रसविणे या दोहोंना अमेरिकेत अनुक्रमे २०१३ व २०१५ साली मान्यता मिळाली. शुक्रप्रवृत्ती टिकविणे हा यांचा मुख्य गुण. परिणाम मात्र गर काढण्याइतका होत नाही. आपल्याकडे त्या मोठ्या शहरांपुरत्या आहेत व खर्चिक आहेत.

शुक्रप्रवृत्तीचा प्रश्न

या विषयावर आम्ही जरा थांबतो, कारण येथे आधुनिक शल्यतज्ज्ञापेक्षा वैद्याची जबाबदारी मोठी आहे. गर काढताना मूत्राशयमुखाचे आकुंचन नाहीसे होते. त्यामुळे मैथुनाच्या वेळी शुक्र बाहेर न येता मूत्राशयात जाते. पोटावरून काढा, तारेने कापा वा होल्मियमने सोला, बहुतेक रुग्णांत हे घडतेच. नुसता छेद देण्याच्या पद्धतीत त्याचे प्रमाण बरेच कमी. लिंगोत्थान ही स्वतंत्र बाब आहे. ते आधी चांगले असेल तर सहसा टिकते.

आपल्या समाजात शुक्रधातूविषयी काय भावना आहे हे वेगळे सांगावयास नको. ५४ वर्षांचे एक शेतकरी शस्त्रकर्मानंतर चार महिन्यांनी आमच्याकडे आले, वजन उतरलेले, झोप नाही. "धातू आतच जिरतोय, अंग वाळत चाललंय" असा त्यांनी समज करून घेतला होता. ज्या रुग्णालयात शस्त्रकर्म झाले तेथे संमतिपत्रावर अंगठा घेतला गेला होता. ही गोष्ट कोणी तोंडाने सांगितली नव्हती. आणि आम्हीही सांगितली नव्हती, पाठविले तर आम्हीच होते. ते शुक्र पुढच्या लघवीबरोबर निघून जाते, शरीर वाळत नाही, हे दोनदा पत्नीसमक्ष समजाविल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. वाजीकर औषध आम्ही दिले नाही.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या ७ व्या अध्यायात अश्मरीच्या शस्त्रकर्मात जपावयाच्या आठ स्थानांत मूत्रवह स्रोतसांबरोबर शुक्रवह स्रोतसेही सांगितली आहेत. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशय, म्हणून अनुज्ञा घेऊनच हात घालावा, असेही त्याच अध्यायात आहे. म्हणून ज्यांना अपत्याची अपेक्षा आहे किंवा ज्यांचे वय तुलनेने कमी आहे अशांना हा विषय शस्त्रक्रियेच्या चिठ्ठीआधी आपण काढावा. सून-मुलगा बाहेर असताना काढावा.

खर्च व निवड

परवा एका रुग्णाच्या मुलाने मोठ्या शहरातील लेसरसाठी बैलजोडी विकावयास काढली होती. ग्रंथी ४२ ग्रॅमची, हृदयविकार नाही, रक्त पातळ करणारे औषध नाही. अशा रुग्णास सलाईनवरील तारेची पद्धत पूर्ण पुरेशी आहे व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दुर्बिणीच्या या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. आधारकार्ड व शिधापत्रिका घेऊन अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी भेटावे. बैलजोडी राहिली. उलट, ग्रंथी १२० ग्रॅमची असताना "जवळ आहे" म्हणून तारेने अर्धीमुर्धी कापून घेणे हे स्वस्त वाटले तरी महाग पडते. तेथे होल्मियममध्ये हात बसलेला तज्ज्ञ किंवा उघडे शस्त्रकर्म हेच योग्य, मग छत्रपती संभाजीनगर वा हैदराबादला जावे लागले तरी. यंत्राचे नाव विचारण्यापेक्षा "आपण या पद्धतीने आजवर किती रुग्ण केले?" हे विचारावे. चांगला शल्यतज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाही.

पूर्वकर्म व पश्चात्कर्म

रुग्णाला पाठविताना आपण देत असलेल्या औषधांची पूर्ण यादी सोबत द्यावी. गुग्गुळकल्प व लसणाचे योग रक्ताच्या साकळण्यावर परिणाम करू शकतात. ते शस्त्रकर्माच्या दोन आठवडे आधी बंद करावेत असा आमचा प्रघात आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मात्र आपण बंद करू नयेत. हृदयात स्टेंट असेल तर तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचाच.

शस्त्रकर्मानंतर दहा ते चौदा दिवसांनी आतील खपली सुटते व लघवीत पुन्हा लाली येते. रुग्ण घाबरतो. थोडी लाली असेल तर पाणी भरपूर, विश्रांती. गाठी पडून लघवी अडली तर तत्काळ परत पाठवावे. चार ते सहा आठवडे ओझे, मोटारसायकल, ट्रॅक्टर वर्ज्य. मलप्रवृत्तीस कुंथणे सर्वांत घातक, म्हणून इसबगोल किंवा त्रिफळा चूर्ण, कोमट पाणी व तूप ही आपली योजना येथे खरोखर उपयोगी पडते. जळजळ असल्यास धने-गोक्षुराचा फांट द्यावा. उत्तरबस्ति या काळात कदापि देऊ नये.

आणखी एक : साल आत शिल्लक असते, आणि पौरुषग्रंथीचा कर्करोग बहुधा त्या सालीतच उद्भवतो. "ऑपरेशन झालं, आता ग्रंथीच नाही" हा समज खोडून काढावा व पी.एस.ए. तपासणी चालू ठेवावी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

लघवी अचानक तुंबून येणारे रुग्ण थंडीत वाढतात, आणि पुष्कळदा आदल्या दिवशी दुकानातून सर्दीची गोळी घेतलेली असते. क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन असलेली गोळी साठीपुढील पुरुषास चिठ्ठीविना देऊ नये, "लघवीला त्रास आहे का?" एवढे विचारले तरी पुरे. हीच गोष्ट आपल्या औषधांनाही लागू आहे. कनकासवात धत्तूर आहे, सर्पगंधा घनवटीत पारसिक यवानी आहे. दोन्ही मूत्राशयाचे आकुंचन मंदावितात. दम्यासाठी कनकासव घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडली तर आधी बाटली बंद करावी.

'सॉ पाल्मेटो' नावाच्या परदेशी वनस्पतीच्या महागड्या कॅप्सूलची मागणी होत असते. २००६ साली अमेरिकेत २२५ पुरुषांवर वर्षभर झालेल्या चाचणीत ती खोट्या गोळीहून सरस ठरली नाही, आणि २०११ साली ३६९ पुरुषांवर तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही निष्कर्ष तोच निघाला. फिनास्टेराइड घेणाऱ्याचे पी.एस.ए. सुमारे निम्मे दिसते, तेव्हा अहवाल वाचताना ते ध्यानी घ्यावे. आणि घरातील गर्भवती स्त्रीने त्या गोळीची पूड हाताळू नये.

टॅमसुलोसिन घेऊन उभे राहताना चक्कर येते, म्हणून ते रात्री जेवणानंतर द्यावे. शिवाय हे औषध चालू असताना मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मात डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा शिथिल होऊन अडचण करतो, हे २००५ पासून ज्ञात आहे. औषध बंद केल्यावरही तो परिणाम टिकू शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञास आधी कळविणे हाच उपाय. आपले बहुतेक रुग्ण हे दोन्ही रोग एकाच वयात घेऊन येतात. नेत्रशिबिराला जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर आम्ही हे औषध आता लाल शाईने लिहून देतो.